बंद गाडीतला जागा अडॅप्टर : ओबीडी उपकरणे झोपतात कधी आणि उठतात कशी

मोटारीच्या स्टिअरिंगखाली, चालकाच्या गुडघ्याजवळ, सोळा पिनांचे एक सॉकेट असते. त्याला ओबीडी (ऑन-बोर्ड डायग्नॉस्टिक्स, म्हणजे गाडीची स्वतःची दोषतपासणी) पोर्ट म्हणतात. अमेरिकेत ते १९९६ च्या मॉडेलपासून बंधनकारक झाले, युरोपात पेट्रोल गाड्यांसाठी २००१ पासून. मेकॅनिकने आपले यंत्र तिथे लावावे, गाडीच्या संगणकांनी नोंदवून ठेवलेले दोष वाचावेत आणि काम झाल्यावर यंत्र काढून घ्यावे, एवढ्यासाठीच ते होते. आज मात्र त्याच सॉकेटमध्ये गाडीची माहिती फोनवर पाठवणारे ब्लूटूथचे छोटे अडॅप्टर, गाडीचा माग ठेवणारी ट्रॅकर उपकरणे आणि विमा कंपन्यांनी दिलेल्या नोंदपेट्या महिनोन्‌महिने बसवून ठेवलेल्या असतात. तासाभराच्या वापरासाठी आखलेल्या जागी उपकरण कायमचे मुक्कामाला आले, की ते गाडी बंद असताना काय करते हा प्रश्न अतिशय महत्त्वाचा ठरतो, कारण या सॉकेटची १६ क्रमांकाची पिन किल्लीवर अवलंबून नसते. ती थेट बॅटरीला जोडलेली असते आणि गाडी बंद करून कुलूप लावले तरी तिच्यावर व्होल्टेज कायम राहते.

यातून होणारे नुकसान आकड्यांत मांडले की नेमके कळते. समजा, गाडीची बॅटरी ४५ अँपिअर-तासांची आहे आणि पूर्ण भरलेली आहे. घड्याळ, अलार्म, रिमोट किल्लीचा रिसीव्हर अशा गोष्टींसाठी उभी गाडी स्वतः साधारण २५ मिलीअँपिअर घेते, असे धरू. म्हणजे दिवसाला ०.६ अँपिअर-तास गेले, आणि निम्मी बॅटरी रिकामी व्हायला ३७ दिवस लागतील. आता त्यात सतत जागा राहणारा, ४० मिलीअँपिअर घेणारा अडॅप्टर घाला. रोजचा खर्च १.५६ अँपिअर-तासांवर जातो आणि ३७ दिवसांचे १४ दिवस होतात. तोच अडॅप्टर नीट झोपून, म्हणजे आपले बहुतेक भाग बंद करून, २ मिलीअँपिअरवर आला, तर जवळजवळ ३५ दिवस मिळतात. प्रत्यक्षात बॅटरी पूर्ण भरलेली नसते, जुनी असते, थंडीत तिची क्षमता घटते आणि इंजिन फिरवायला मात्र थंडीतच जास्त जोर लागतो. त्यामुळे खरे दिवस या हिशोबापेक्षा कमीच भरतात. शिवाय शिसे-आम्ल बॅटरी वारंवार खोलवर उतरवली की तिच्या पट्ट्यांवर सल्फेटचे कठीण थर जमतात आणि गेलेली क्षमता पूर्णपणे परत येत नाही.

हे ४० मिलीअँपिअर जातात कुठे? अडॅप्टर चालवणाऱ्या मुख्य चिपचा, म्हणजे मायक्रोकंट्रोलरचा, वाटा त्यात असतोच, पण बहुतेक वेळा सर्वात मोठा वाटा रेडिओचा असतो. जोडणीची वाट पाहत सतत स्वतःला जाहीर करणारे जुन्या पद्धतीचे ब्लूटूथ मोड्यूल काही दहा मिलीअँपिअर सहज घेते आणि वायफाय त्याहूनही अधिक. लो एनर्जी प्रकारचे ब्लूटूथ अधूनमधूनच क्षणभर बोलते, म्हणून त्याची सरासरी एक मिलीअँपिअरच्या आत ठेवता येते. उरलेला खर्च मात्र दुर्लक्षित जागी लपलेला असतो. ७८०५ सारखा जुना रेग्युलेटर (व्होल्टेज उतरवून स्थिर ठेवणारा भाग) काहीही काम नसताना स्वतःपुरते ५ मिलीअँपिअरच्या आसपास घेतो. सतत पेटलेला एक एलईडी तितकेच घेऊ शकतो. बॅटरीचे व्होल्टेज मोजण्यासाठी लावलेल्या दोन रेझिस्टरांची बेरीज ५७ किलोओहम असेल, तर त्यांच्यातून रात्रंदिवस ०.२२ मिलीअँपिअर वाहत राहतात, आणि नव्या मायक्रोकंट्रोलरचा झोपेतला प्रवाह याहून कितीतरी कमी असतो. म्हणूनच चिपच्या माहितीपत्रकातला झोपेचा आकडा वाचून अडॅप्टरविषयी मत बनवणे धोक्याचे आहे. झोपायचे असते ते संपूर्ण सर्किटला.

ईएलएम३२७ या चिपच्या इतिहासात हे स्पष्ट दिसते. कॅनडातील एल्म इलेक्ट्रॉनिक्सने बनवलेल्या या चिपमुळेच संगणकावरून आणि पुढे फोनवरून गाडीशी बोलणे सामान्य माणसाच्या आवाक्यात आले. तिच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत कमी ऊर्जेवर जाण्याची सोय नव्हती, ती १.४ या आवृत्तीत आली आणि त्यासाठी ‘एटी एलपी’ ही आज्ञा ठरवली गेली. त्याच वेळी चिपच्या एका पिनवर असा इशारा देण्यात आला, की तो वापरून अडॅप्टर बनवणाऱ्याने बाकीच्या भागांचा वीजपुरवठाही तोडावा. तो इशारा वापरणे मात्र अडॅप्टर बनवणाऱ्याच्या हातात होते. चिप झोपली पण ब्लूटूथ आणि दिवे जागेच राहिले, असे उपकरण कागदोपत्री निद्रावस्था असलेले आणि प्रत्यक्षात बॅटरी खाणारे ठरते. पहिल्या आवृत्तीचा प्रोग्राम नकलेपासून सुरक्षित केलेला नसल्यामुळे तिच्या असंख्य नकला बाजारात आल्या. त्यांतल्या अनेकांवर छापलेला आवृत्तीचा क्रमांक वाचून त्यांच्या झोपेविषयी काहीच खात्री देता येत नाही.

झोपण्याची क्षमता असलेल्या अडॅप्टरचीही खरी अडचण पुढेच सुरू होते. झोपावे कधी? या पोर्टच्या मानकात किल्ली चालू आहे की बंद हे सांगणारी पिनच ठरवलेली नाही. काही पिना गाडी बनवणाऱ्या कंपनीच्या मर्जीवर सोडलेल्या आहेत आणि एखादी कंपनी त्यांतल्या एकीवर किल्लीची खूण देतेही, पण सगळ्या गाड्यांत चालावे अशा उपकरणाला त्यावर विसंबता येत नाही. त्यामुळे गाडी वापरात आहे की उभी आहे, हे अडॅप्टरला आजूबाजूच्या खुणांवरून ताडावे लागते. मला वाटते, या संपूर्ण विषयाचा गाभा हाच आहे. प्रवाह कमी करणे हे तुलनेने सोपे, सोडवलेले काम आहे; गाडीची अवस्था न चुकता ओळखणे हे कठीण काम आहे.

पहिली खूण बॅटरीच्या व्होल्टेजची. पूर्ण भरलेली, विश्रांत अवस्थेतली बारा व्होल्टची बॅटरी १२.६ ते १२.७ व्होल्ट दाखवते. इंजिन सुरू झाले की अल्टरनेटर तिला भरू लागतो आणि आकडा साधारण १३.८ ते १४.५ च्या दरम्यान जातो. मध्ये एक व्होल्टहून अधिक मोकळी जागा असल्यामुळे नियम सरळ वाटतो : व्होल्टेज १३.२ च्या वर गेले की उठावे, १३.० च्या खाली उतरले की झोपावे. उठण्याची आणि झोपण्याची रेषा वेगवेगळी ठेवण्याचे कारण असे, की एकच रेषा असेल तर व्होल्टेज तिच्या आसपास थरथरत असताना उपकरण मिनिटाला दहादा झोपेल आणि उठेल. वेळेची अटही यासाठीच जोडतात. उठण्यासाठी एखादा सेकंद पुरतो, पण झोपण्याआधी काही मिनिटे, अनेकदा दहा मिनिटांपर्यंत, वाट पाहिली जाते. इंजिन नुकतेच बंद केलेल्या बॅटरीच्या पट्ट्यांवर पृष्ठभागी भार शिल्लक असतो आणि तो उतरेपर्यंत व्होल्टेज खऱ्या पातळीपेक्षा वर राहते. सिग्नलला इंजिन आपोआप बंद करून पुन्हा सुरू करणाऱ्या गाड्यांत तर ही वाट पाहणे अपरिहार्यच आहे, कारण त्यांच्यात इंजिन थांबले याचा अर्थ प्रवास संपला असा होत नाही.

नव्या गाड्यांनी या सरळ नियमाला जागोजागी तडे दिले आहेत. इंधन वाचवण्यासाठी आजचे नियंत्रित अल्टरनेटर वेग धरताना चार्जिंग जवळजवळ सोडून देतात आणि ब्रेक लावताना किंवा उतारावर जोरात भरतात. परिणामी भर रस्त्यावर धावणाऱ्या गाडीचे व्होल्टेज बराच वेळ १२.५ च्या आसपास असू शकते आणि निव्वळ आकड्यावर विसंबणारा अडॅप्टर प्रवासाच्या मध्येच झोपी जातो. याची उलट बाजूही आहे. उभ्या गाडीच्या बॅटरीला चार्जर लावून ठेवला असेल, तर ती दिवसभर १३.६ व्होल्ट दाखवते आणि इंजिन बंद असूनही अडॅप्टर जागा राहतो. विजेवर चालणाऱ्या गाड्यांत अल्टरनेटरच नसतो. तिथे मोठ्या बॅटरीतून एक रूपांतरक बारा व्होल्टची छोटी बॅटरी भरतो. तो गाडी चालवताना काम करतो, गाडी चार्जिंगला लावलेली असताना करतो, आणि कित्येक गाड्यांत उभ्या असतानाही मधूनच जागा होऊन छोटी बॅटरी भरून घेतो. व्होल्टेज वर गेले म्हणजे चालक बसला, असे अनुमान तिथे काढता येत नाही. मालवाहू गाड्यांच्या चोवीस व्होल्टच्या यंत्रणेत हे सगळे आकडे दुप्पट होतात, एवढे लक्षात ठेवले की पुरे.

म्हणून काही उपकरणे व्होल्टेजच्या पातळीपेक्षा त्यातल्या बदलाकडे लक्ष देतात. दार उघडले, आतला दिवा लागला, गाडीचे संगणक जागे झाले, की बॅटरीवर अचानक भार येऊन व्होल्टेज एक-दोन दशांशांनी घसरते. स्टार्टर फिरताना तर ते क्षणभर दहाच्या खाली जाते. एका सेकंदाच्या आत ०.२ व्होल्टचा फरक दिसला की उठायचे, असा नियम ठेवला तर अडॅप्टर इंजिन सुरू होण्याआधीच तयार असतो. ही पद्धत मला सर्वात चतुर वाटते, कारण मोजायला लागते ते फक्त १६ क्रमांकाच्या पिनवरचे व्होल्टेज आणि घसरण चालकाच्या पहिल्या हालचालीबरोबरच दिसते. तिचा दोष असा, की अलार्मची स्वतःची धडपड, इंजिन बंद झाल्यावरही पंख्याचे फिरत राहणे किंवा गाडीने रात्री स्वतःहून केलेली तपासणी यांमुळेही असाच झटका दिसतो. त्यामुळे झटक्याने उठलेल्या अडॅप्टरने लगेच रेडिओ सुरू करू नये. आधी काही सेकंद इतर खुणा पडताळाव्यात आणि त्या मिळाल्या नाहीत तर गुपचूप परत झोपावे.

दुसरी मोठी खूण गाडीच्या अंतर्गत संभाषणाची. गाडीतले संगणक एकमेकांशी कॅन बस नावाच्या दोन तारांवर बोलतात, आणि पोर्टच्या ६ व १४ क्रमांकाच्या पिनांवर या तारा येतात. विश्रांत अवस्थेत दोन्ही तारा अडीच व्होल्टच्या आसपास असतात. संदेश जाताना एक तार साडेतीनकडे चढते आणि दुसरी दीडकडे उतरते. अडॅप्टर आणि या तारा यांच्यामध्ये ट्रान्सीव्हर नावाची छोटी चिप असते. तिच्या झोपाळू अवस्थेत संदेश पाठवणारा भाग बंद असतो आणि केवळ कान उघडे असतात. एवढ्यासाठी तिला काही मायक्रोअँपिअर पुरतात. बसवर हालचाल झाली की ती मायक्रोकंट्रोलरला उठवते. मात्र एखाद्या ठिणगीच्या विद्युत गोंधळाने उठायचे नसते. म्हणून आजच्या मानकात ठरावीक आकृतिबंध लागतो : तारांवर एकदा चढ-उतार, मग शांतता, मग पुन्हा चढ-उतार, आणि प्रत्येक टप्पा किमान काही ठरलेला काळ टिकलेला. हा काळ मायक्रोसेकंदांत मोजला जातो, पण ठिणगीचा झटका त्याहून लहान असतो. ही सोय २००७ मध्ये आयएसओ ११८९८ या कॅन बसच्या आंतरराष्ट्रीय मानकाच्या पाचव्या भागात आली, ठरावीक संदेशानेच उठण्याची अधिक नेमकी सोय २०१३ मध्ये सहाव्या भागात, आणि २०१६ मध्ये दोन्ही दुसऱ्या भागात सामावून घेण्यात आल्या.

उठवणारा तो पहिला संदेश अडॅप्टरला वाचता येत नाही. ट्रान्सीव्हर हाक देतो, मग घड्याळाचा स्फटिक स्थिर व्हायला काही मिलीसेकंद लागतात, आणि तोपर्यंत तो संदेश निघून गेलेला असतो. बहुतेक कामांना याने काही बिघडत नाही. खरी अडचण वेगळी आहे. अलीकडच्या बहुसंख्य गाड्यांत ओबीडी पोर्ट आणि आतले नेटवर्क यांच्यामध्ये गेटवे नावाचा संगणक बसवलेला असतो आणि तो सुरक्षिततेसाठी आतले संभाषण बाहेर येऊच देत नाही. कोणी विचारले तरच पोर्टवर उत्तर मिळते. अशा गाडीत, ती वेगाने धावत असली तरी, पोर्टवरच्या तारा शांत असतात. तिथे कान लावून बसलेल्या अडॅप्टरला गाडी कायमची झोपलेलीच वाटते.

इथे अडॅप्टरला विचारून पाहण्याचा मोह होतो. दर मिनिटाला इंजिनच्या फेऱ्या विचाराव्यात, उत्तर आले तर गाडी जागी, नाही आले तर झोपलेली. वाचायला हे निरुपद्रवी वाटते, पण माझ्या मते या संपूर्ण विषयातली सर्वात घातक कल्पना हीच आहे. कारण कॅन बसवरच्या अनेक संगणकांचे ट्रान्सीव्हरही वर सांगितल्याप्रमाणेच कान उघडे ठेवून झोपलेले असतात. आपला प्रश्न हाच त्यांच्यासाठी उठण्याचा इशारा ठरतो. त्यात आणखी एक बारकावा आहे. कॅनच्या नियमानुसार प्रत्येक संदेशाला किमान एका ऐकणाऱ्याने पोच द्यावी लागते. सगळे झोपलेले असतील तर पोच मिळत नाही, आणि पोच न मिळालेला संदेश कॅन कंट्रोलर (अडॅप्टरमधला संदेश हाताळणारा भाग) आपणहून पुन्हा पाठवतो, पुन्हा पाठवतो, आणि एकटाच बोलणारा असल्यामुळे दोष-मोजणीच्या नियमांतून बसबाहेरही फेकला जात नाही. सॉफ्टवेअरने एक प्रश्न विचारला असे समजावे, तर प्रत्यक्षात तारांवर सेकंदाला हजारो संदेशांचा मारा सुरू झालेला असतो. यावर उपाय आहे : संदेश एकदाच पाठवून सोडून देण्याची अवस्था बहुतेक कंट्रोलरमध्ये असते. पण ती निवडावी लागते.

गाडीचे संगणक झोपतात कसे हे पाहिले, की या चुकीची किंमत समजते. त्यांच्यापैकी कोणालाही एकट्याने झोपण्याचा निर्णय घेता येत नाही. ज्याला नेटवर्क हवे आहे तो ठरावीक अंतराने तसा संदेश पाठवत राहतो, आणि असे सगळे संदेश थांबून ठरलेला काळ उलटला की सगळे मिळून झोपतात. एकत्र कुटुंबात शेवटचा माणूस बोलायचा थांबेपर्यंत ओसरीवरचा दिवा मालवत नाहीत, तसेच हे आहे. बाहेरून लावलेला अडॅप्टर प्रश्न विचारत राहिला, तर गेटवे जागा राहतो, गेटवेमुळे इतर जागे राहतात, आणि उभी गाडी मिलीअँपिअरऐवजी अँपिअरच्या मापात बॅटरी खाऊ लागते. निदानाचे विशेष सत्र उघडे ठेवण्यासाठी तपासणी यंत्रे दर काही सेकंदांनी ‘मी इथे आहे’ असा संदेश पाठवतात. तो थांबला तर संगणक साधारण ५ सेकंदांत सत्र बंद करतो. फोनवरचे ॲप मागे चालू राहून हा संदेश पाठवत राहिले, तर गाडीला झोपच लागत नाही. तीन अँपिअरच्या खर्चाने आपल्या उदाहरणातली निम्मी बॅटरी साडेसात तासांत संपते. स्वतः फक्त ४० मिलीअँपिअर घेणारा अडॅप्टर एका रात्रीत गाडी बंद पाडू शकतो, तो असा. वेष्टनावर छापलेला झोपेतला प्रवाह याविषयी काहीच सांगत नाही, आणि खरेदी करणारा माणूस मात्र तेवढाच आकडा पाहतो, याचे मला वाईट वाटते.

तिसरी खूण हालचालीची. ट्रॅकर उपकरणांत गतिमापक चिप असते आणि ती काही मायक्रोअँपिअरमध्ये हादरे ओळखते. गाडी हलली की उपकरण उठते. शेजारून जड वाहन गेले किंवा दार आपटले तरी ते उठते, म्हणून हादरा काही काळ टिकला पाहिजे अशी अट घालतात. चौथी खूण वापरणाऱ्याची : फोनशी काही काळ संभाषणच झाले नाही तर झोपावे. ही खूण झोपण्यासाठी उत्तम आहे, पण उठण्यासाठी निरुपयोगी, कारण रेडिओ बंद असताना फोनची हाक ऐकणार कोण? झोपलेला अडॅप्टर फोनच्या यादीत दिसत नाही, तेव्हा अनेकांना तो बिघडलेला वाटतो. इंजिन सुरू करून पाहावे किंवा उपकरणावर बटण असेल तर ते दाबावे, म्हणजे तो उठतो. रेडिओ बंद असण्याचा एक फायदाही आहे : रिकाम्या गाडीत, सोप्या गुप्त क्रमांकाने कोणालाही जोडता येईल असे ब्लूटूथ रात्रभर उघडे राहत नाही.

यांतली कोणतीही खूण एकटी विश्वासार्ह नाही, म्हणून चांगली उपकरणे त्या एकत्र वापरतात, आणि उठण्याचे निकष व झोपण्याचे निकष वेगळे ठेवतात. उठायला एखादी खूण पुरावी आणि ती नंतर पडताळली जावी; झोपायला मात्र व्होल्टेज खाली, बस शांत, हालचाल नाही असे सगळे जुळावे लागते. पण या ‘सगळे जुळावे’मध्ये एक धोका आहे : एखादी खूण चुकून अडकून पडली, तर उपकरण कधीच झोपत नाही. त्यामुळे त्याहून वरचा एक नियम हवा. व्होल्टेज विशिष्ट पातळीच्या, समजा १२.० व्होल्टच्या, खाली काही मिनिटे राहिले, तर बाकी खुणा काहीही म्हणोत, झोपलेच पाहिजे. वेळेच्या आधी झोपलेल्या अडॅप्टरमुळे प्रवासाच्या नोंदीतली काही मिनिटे जातात. न झोपलेल्या अडॅप्टरमुळे माणूस रस्त्यावर अडकतो. या दोन चुका सारख्या नाहीत आणि नियम लिहिताना त्यांना सारखे मानू नये.

आपला अडॅप्टर खरोखर झोपतो का, हे घरी तपासता येते. बॅटरीची तार सोडवून मध्ये मीटर जोडण्याची पद्धत सर्वांना ठाऊक असते, पण तार सोडवली की गाडीचे सगळे संगणक नव्याने सुरू होतात आणि मापन बिघडते. त्यापेक्षा पोर्टला वीज देणाऱ्या फ्यूजच्या माथ्यावरच्या दोन उघड्या टोकांमधला मिलीव्होल्टचा फरक मोजणे बरे; त्या फ्यूजच्या प्रकाराचा तक्ता पाहून त्यावरून प्रवाह काढता येतो. अगदी लहान प्रवाहाला हा फरक साध्या मीटरवर दिसत नाही, पण शून्य न दिसता काहीतरी दिसत असेल तर उपकरण झोपलेले नाही. गाडी कुलूप लावून, किल्ली दूर ठेवून, किमान तासभर वाट पाहूनच मोजावे, कारण कित्येक गाड्यांचे संगणक अर्धा-पाऊण तास जागे राहतात. हेच मापन बॅटरीच्या मुख्य तारेवर, डीसी प्रवाह मोजणाऱ्या क्लॅम्प मीटरने, एकदा अडॅप्टर लावून आणि एकदा काढून करावे. दोन आकड्यांतला फरक अडॅप्टरच्या स्वतःच्या प्रवाहाएवढाच असेल तर तो केवळ आपल्यापुरती वीज घेतो आहे. फरक त्याच्या कित्येक पट आला, तर तो गाडीलाही जागवतो आहे आणि अशा वेळी दोष अडॅप्टरच्या झोपेत नसून त्याच्या किंवा फोनवरच्या ॲपच्या प्रश्न विचारण्याच्या सवयीत शोधावा लागतो.